पुढच्या काचेवरची फिल्म आणि खारा वारा

संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी रत्नागिरीहून पावसच्या बाजूला घरी निघतो, तेव्हा भाट्याच्या पुलावर सूर्य उजव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी उतरलेला असतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्या तिरप्या उन्हात माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर दोन मोठे पंखे उमटलेले मला प्रथम दिसले. वायपरची पाती जेवढा भाग फिरतात, नेमक्या तेवढ्या भागात केसासारख्या बारीक, एकाच दिशेने वळलेल्या शेकडो रेषा होत्या आणि त्या प्रत्येक रेषेत ऊन अडकले होते. समोरून येणारी एस.टी. दिसायला मला क्षणभर जास्त लागला. काच जेमतेम आठ महिन्यांपूर्वी नवी बसवलेली होती आणि तिच्यावर, ती सुरक्षित राहावी म्हणून, चांगले पैसे मोजून मी संरक्षक फिल्म लावून घेतली होती. ओरखडे त्या फिल्मवर होते. काच शाबूत होती, पण फिल्मचे मातेरे झाले होते आणि ते मीच केले होते, हे समजायला मला पुढचे काही आठवडे लागले.

फिल्म लावण्याची वेळ का आली, ते थोडक्यात सांगतो. त्याआधीच्या मार्चमध्ये हातखंब्याहून लांज्याकडे जाताना पुढे चाललेल्या एका डंपरच्या मागच्या चाकाखालून खडीचा तुकडा उडाला आणि काचेवर मसुरीच्या डाळीएवढा टवका गेला. महामार्गाच्या कामाच्या दिवसांत आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. टवका लहान असताना त्यात राळ भरून तो थोपवता येतो, हे मला ठाऊक होते, तरी मी चालढकल केली. मे महिन्यात दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीत शिरून मी एसी पूर्ण जोरात सोडला आणि त्या टवक्यातून एक रेघ निघून माझ्या डोळ्यांदेखत हातभर सरकत गेली. काच बदलावी लागली. विम्याने बराचसा खर्च उचलला, पण पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला. त्या चिडीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी फिल्म लावायला गाडी दिली.

मोटारीची पुढची काच एकसंध नसते. काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या प्लास्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा, अशी ती तीनपदरी असते. म्हणूनच दगड बसला तरी तिचा चुरा होऊन अंगावर येत नाही. फुटतो तो बहुधा बाहेरचा थर, आणि संरक्षक फिल्म लावली जाते ती त्या बाहेरच्या थरावर, बाहेरून. बाजूच्या काचांना आतून लावतात त्या उन्हाच्या फिल्मशी तिचा संबंध नाही. ही फिल्म पूर्ण पारदर्शक असते. तिची जाडी साधारण १०० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे झेरॉक्सच्या एका किंवा दोन कागदांएवढी. ती पीईटी किंवा टीपीयू या प्लास्टिकची असते, खालून तिला चिकट थर असतो आणि वरून ओरखडे सोसणारा एक अतिशय पातळ कडक लेप असतो. खडा आदळला की त्याचा मार एका बिंदूवर न बसता फिल्ममुळे थोडा पसरतो आणि लहानसहान टवके टळतात. मुठीएवढा दगड आला तर फिल्म काही करू शकत नाही, आणि तसे सांगून कोणी ती विकत असेल तर तिथून परत फिरावे.

तिच्या निगेचा सगळा विचार त्या वरच्या कडक लेपापाशी येऊन थांबतो. काच कठीण असते. खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहा अशा मोजपट्टीवर ती साडेपाचच्या आसपास येते. फिल्मवरचा लेप कितीही भारी असला तरी त्याखाली शेवटी प्लास्टिक असते. काचेने वर्षानुवर्षे निमूट सोसलेली गोष्ट फिल्म सहा महिने सोसत नाही. मला हे माहीत नव्हते आणि ज्याने फिल्म बसवली त्यानेही सांगितले नाही. गाडी परत देताना त्याने वायपर चालवून, काच कशी लख्ख दिसते ते दाखवले होते. ताज्या फिल्मवर पहिल्याच तासाला वायपर फिरवणे हीच मुळात पहिली चूक होती.

दुसरी चूक माझी, आणि ती रोजची. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी गाडीच्या काचेवर एक चिकट, पांढुरकी साय धरलेली असते. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे काच पुसायची ती जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने किंवा पंच्याच्या फडक्याने, कोरडीच, दोन्ही हातांचा जोर लावून. मीही तसेच करत आलो. आई पडवीतून बघत असायची. एकदा तिने विचारले, "अरे, ते प्लास्टिक लावलंयस ना वर, मग एवढा कशाला घासतोस?" मी तिला काच स्वच्छ असणे किती महत्त्वाचे, यावर उत्तर दिले. प्रश्न तिचाच बरोबर होता.

पंखे दिसल्यानंतरच्या रविवारी मी एक खटाटोप केला. सायंकाळी मांडवीच्या किनाऱ्याजवळ दोन तास उभी करून आणलेली गाडी रात्रभर खळ्यात तशीच ठेवली. सकाळी काचेला हात न लावता तिच्यावर तांब्याने सावकाश पाणी सोडले आणि खाली वाहून येणारे पाणी, पत्र्याची पन्हळ लावून, एका पांढऱ्या बादलीत धरले. तासाभराने वरचे पाणी निवळले. ते हळूच ओतून टाकल्यावर तळाशी राहिलेला गाळ मी पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात ठेवला. वाळल्यावर त्यात दोन प्रकार सरळ डोळ्यांना दिसत होते. एक जांभ्याची तांबडी धूळ, बोटाला हळदीसारखी मऊ लागणारी, पण चिमटीत चोळली की मध्येच कुरकुरणारी, आणि दुसरे काळे चकचकीत कण. फ्रिजवरचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी बशीवरून फिरवला, तर त्या काळ्या कणांतले काही उडी मारून पिशवीला चिकटले. मांडवीच्या बाजूची वाळू काळी का, हे शाळेत शिकलो होतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोह आणि टायटॅनियमची खनिजे आहेत. पण तीच वाळू वाऱ्याबरोबर येऊन माझ्या काचेवर बसते आणि मी ती रोज सकाळी वर्तमानपत्राने फिल्मवर गिरवतो, हे त्या बशीने मला दाखवले. पांढऱ्या वाळूतले गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण तर याहून वाईट, कारण गार त्याच मोजपट्टीवर सातच्या जागी आहे, म्हणजे काचेहूनही कठीण.

मिठाबद्दल आपल्याकडे उगाच जास्त बोलले जाते. खारा वारा पत्रा खातो हे खरे, पण फिल्मवर ओरखडे काढण्याइतके मीठ कठीण नसते. ते दुसरा उद्योग करते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागतात, आणि किनाऱ्यावर बहुतेक रात्री आर्द्रता त्याच्या वर असते. त्या ओलसर थरात धूळ आणि वाळू रुतते. सकाळी दहानंतर ऊन लागले की थर वाळतो आणि मिठाचा पापुद्रा त्या कणांना काचेवर घट्ट धरून ठेवतो. म्हणजे मीठ हे इथे सरसाचे काम करते. यातली दिलासा देणारी बाजू अशी की मीठ पाण्यात विरघळते. पुरेसे पाणी, न घासता, सोडले आणि दोन मिनिटे थांबले की सरस सुटतो आणि कण आपोआप खाली वाहतात. बादलीतल्या गाळाने तेच सिद्ध केले होते. एवढा गाळ केवळ तांब्याच्या पाण्याने आला होता, बोटही न लावता.

माझ्या हातून पहिली फिल्म गेली आणि दुसरी टिकली आहे, यातला मुख्य फरक एवढाच आहे की आता पाणी सोडल्याशिवाय मी त्या काचेला स्पर्श करत नाही. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

आता पद्धत सांगतो. बागेत फवारणीला वापरतात तसा हाताने दाबायचा पाच लिटरचा छोटा पंप मी केवळ गाडीसाठी वेगळा घेतला. हा पंप खरोखरच वेगळा हवा. कलमांवर मारायच्या औषधाचा पंप धुऊन वापरू, असे कोणी म्हणेल, पण औषधांतली तेलकट द्रव्ये नळीत राहतात आणि काचेवर तवंग धरतो. सकाळी निघण्यापूर्वी छतापासून खाली, काचेच्या वरच्या कडेपासून सुरुवात करून, बारीक धारेने पाणी मारायचे, दोन मिनिटे चहा प्यायचा आणि पुन्हा एकदा मारायचे. रोज एवढेच पुरते. फडके लागतेच असे नाही. दोन तृतीयांश दिवस मी फडके लावतच नाही, थेंब वाऱ्याने वाळतात किंवा थोडे डाग राहतात आणि त्या डागांनी काही बिघडत नाही. आठवड्यातून एकदा मात्र नीट धुणे होते. दोन बादल्या, एकीत गाड्यांसाठी मिळणारा सौम्य शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचे फडके शाम्पूत बुडवून वरून खाली सरळ रेषेत, त्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने न्यायचे, दुसऱ्या बादलीत खळबळून मग पुन्हा शाम्पूत. गोल गोल फिरवायचे नाही, कारण चुकून कण राहिलाच तर सरळ रेघ कमी खुपते आणि वर्तुळाची रेघ रात्री समोरच्या दिव्याभोवती जाळे विणते. धुणे सावलीत करावे. तापलेल्या काचेवर विहिरीचे गार पाणी ओतण्याचा अनुभव कोणी घेऊ नये, कुठे नजरेत न आलेला टवका असेल तर तो तिथेच रेघ सोडतो.

पाण्याची एक बाब किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आमच्या वाडीतल्या वरच्या विहिरीचे पाणी गोडे आहे, पण खाडीकडच्या विहिरी फेब्रुवारीनंतर मचूळ होतात. मचूळ पाण्याने काच धुणे म्हणजे एक मीठ काढून दुसरे लावणे. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गोडे पाणी माणसांनाच पुरवून वापरावे लागते, तेव्हा मी पंपातले एक लिटर पाणी फक्त पुढच्या काचेसाठी ठेवतो आणि बाकी गाडी मळकी राहू देतो. शेजारच्या काकांना हे फार विनोदी वाटते.

काय वापरू नये याची यादी मोठी होईल, म्हणून ज्यांनी माझे किंवा ओळखीच्यांचे नुकसान झाले तेवढेच सांगतो. अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे साध्या काचेला चालतात, पण फिल्मच्या लेपाला आणि कडेच्या डिंकाला ते मानवत नाहीत. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली घरच्या आरशासाठी ठेवावी. भांडी घासायचा काथ्या आपल्या हाताला इतका सवयीचा असतो की गाडी धुवायला सांगितलेला गडी तो आपणहून उचलतो. माझ्या एका सहकाऱ्याची फिल्म अशीच एका दुपारी गेली, तीही मनापासून केलेल्या सेवेत. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी डाग निघतो आणि सोबत लेपही मऊ पडतो. पेट्रोल पंपावर न विचारता काच पुसायला धावणाऱ्या मुलाला मी आता लांबूनच हात करतो. त्याच्या हातातल्या स्पंजने दिवसभरात किती गाड्यांची धूळ टिपलेली असते, त्याला तो तरी काय करणार?

वायपरविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझे दोन पंखे त्यांनीच काढले होते. वायपरचे रबर काचेवर दाबून फिरते आणि त्याच्या कडेत जे काही अडकलेले असेल ते आपल्याबरोबर ओढत नेते. ओल्या फडक्याने पात्याची कड चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली तर पहिल्यांदा काळी पट्टी उमटते, आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे लागते. मी हे दर रविवारी करतो. उन्हाने रबर कडक झाले, त्याला बारीक चिरा गेल्या किंवा फिरताना ते थरथरू लागले की पाती बदलतो. पावसाळ्याच्या तोंडावर तर बदलतोच, मग जुनी कशीही दिसोत. फिल्मच्या मानाने पात्यांची किंमत फार कमी आहे आणि कंजुषी करायची ही जागा नव्हे.

सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे पहिल्या पावसाचा. मृगाच्या आधीचे वळीव येते तेव्हा काचेवर उन्हाळाभराची धूळ असते आणि सुरुवातीचे थेंब तिला धुऊन नेण्याइतके नसतात, फक्त तिचा चिखल करतात. अशा वेळी हात आपसूक वायपरच्या दांडीकडे जातो. तो थांबवून आधी काचेवरचा पाण्याचा फवारा तीन-चार वेळा मारावा, नाहीतर सरळ गाडी बाजूला घेऊन बाटलीतले पाणी ओतावे आणि मग वायपर लावावा. एकदा जोराचा पाऊस सुरू झाला की काळजीचे कारण उरत नाही. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये वायपर तासन्‌तास फिरत राहतो, तरी वाहत्या पाण्यावरून फिरणारे स्वच्छ रबर फिल्मची फारशी झीज करत नाही. झीज होते ती कोरड्या आणि अर्धओल्या फेऱ्यांत. थांबत-थांबत पडणाऱ्या पावसात, समोर रिमझिम असताना, वायपर सतत चालू ठेवण्याऐवजी मी एकेक फेरी हातानेच देतो. काही गाड्यांत थेंब ओळखून आपोआप चालणारा वायपर असतो. धूळ असलेल्या कोरड्या दिवसांत तो बंद ठेवलेला बरा.

फवाऱ्याच्या नळ्या चालू आहेत की नाही हे पावसाळ्याआधी पाहून ठेवावे, असे सांगितले की लोक हसतात. कोकणात कुंभारीण माशीला घर बांधायला कुठलेही भोक चालते. मागच्या मे महिन्यात माझ्या गाडीच्या दोनपैकी एका तोटीत तिने मातीचा बूच असा ठासून भरला होता की टाचणीने तो काढताना अर्धा तास गेला. टाकीत साधे स्वच्छ गोडे पाणी आणि काचेसाठी मिळणारे द्रावण घालावे. कपड्यांची पावडर घालण्याचा जुना उपाय फिल्म असलेल्या गाडीसाठी नाही, कारण न विरघळलेले दाणे सरळ वायपरखाली येतात.

आंब्याच्या बागेत राहणाऱ्यांना आणखी दोन दुखणी आहेत. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे पडले की पानांवरून गोड, चिकट स्राव ठिबकतो आणि कलमाखाली उभ्या गाडीच्या काचेवर पाकाचे बारीक थेंब साचतात. त्यावर मग काळी बुरशी धरते. हा पाक कोमट पाण्याने निघतो, मात्र त्याच दिवशी धुवायला हवा. दुसरे दुखणे चिकाचे. आंबा काढताना देठातून उडणारा चीक कातडी भाजतो हे प्रत्येक गड्याला ठाऊक असते. फिल्मवरही तो दोन-तीन दिवस उन्हात राहिला तर कायमचा डाग पाडतो. कोमट शाम्पूच्या पाण्यात बुडवलेले फडके त्या जागेवर दहा मिनिटे नुसते ठेवून द्यावे आणि मग अलगद उचलावे. तरी राहिलेच तर पाण्यात निम्मे मिसळलेले आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आधी कोपऱ्यात लावून पाहून, वापरता येते. डांबराच्या शिंतोड्याला खोबरेल तेलाचे बोट लावून पाच मिनिटे थांबले की तो विरघळतो आणि मग शाम्पूने तेल काढता येते. हा उपाय मला कोणी शिकवला नाही, लहानपणी पायाला लागलेले डांबर आजी असेच काढायची. पक्ष्यांच्या शिटेलाही तोच नियम, भिजवायचे आणि वाट पाहायची. तिच्यात युरिक आम्ल असते आणि उन्हात ते लेप खाते. जांभळाच्या दिवसांत वटवाघळांचा प्रसाद मिळतो, त्याचे वर्णन करत नाही.

आता दुसऱ्या फिल्मविषयी. पहिली काढायची ठरवल्यावर मी ती घरी स्वतः काढायचा प्रयत्न केला आणि वरच्या कोपऱ्यातून ओढताच तळहाताएवढा तुकडा फाटून हातात आला. मग कोल्हापूरला एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने काच गरम हवेने कोमट केली, फिल्म कोपऱ्यातून सोडवून स्वतःवरच जवळजवळ दुमडून, अगदी हळू, इंचाइंचाने ओढली, आणि काचेवर राहिलेला डिंक साबणाच्या पाण्याने भिजवून काढला. तिला उन्हात जास्त वर्षे ठेवली असती तर ती ठिसूळ होऊन अशी निघालीच नसती, असे तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, "सर, जूनमध्ये लावली होती का ही? कडा बघा." खालच्या कडेला, वायपरच्या खोबणीपाशी, फिल्म बोटभर सुटलेली होती आणि तिच्याखाली हिरवट ओल होती.

त्याचे कारण असे. फिल्म बसवताना काच आणि फिल्म यांच्यामध्ये साबणाचे पाणी असते. ते रबरी पट्टीने बाहेर काढतात, तरी थोडे आत राहते आणि पुढच्या काही दिवसांत कडांतून हळूहळू उडून जाते. तोवर डिंक पूर्ण धरत नाही. आपल्याकडे जूनमध्ये हवा आधीच पाण्याने भरलेली असते, आतले पाणी जाणार कुठे? म्हणून कोकणातल्या गाडीला ही फिल्म दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत लावावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. लावल्यावर दोन-तीन दिवस वायपर चालवू नये, आठवडाभर तरी काच धुऊ नये आणि प्रेशरचा पाइप तर महिनाभर जवळ आणू नये. पुढेही त्याची धार कडेवर मारू नये. सुरुवातीला दिसणारे पाण्याचे बारीक फुगे आणि दुधाळ छटा पाहून घाबरून टाचणी मारू नये, ती आपोआप जातात. ज्या फुग्यात मधोमध धुळीचा कण दिसतो, तो मात्र जात नाही. तो दाखवून फिल्म बदलून मागावी. खोबणीत साठणारी पाने आणि आंब्याचा मोहोर मी दर आठवड्याला हाताने काढतो, कारण ओला पाला कडेला टेकून राहिला की फिल्म तिथूनच सुटू लागते.

कायद्याचा प्रश्न विचारला जातो, म्हणून तेवढे सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर फिल्म चिकटवण्यावर बंदी घातली होती. पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून सेफ्टी ग्लेझिंगला, म्हणजे प्लास्टिकचा थर जोडलेल्या सुरक्षा काचेलाही, जागा मिळाली, आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रकाशाची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला हरकत घेता येणार नाही असे म्हटले. तरीही रस्त्यावरच्या हवालदाराशी न्यायनिवाड्यांवर चर्चा करण्याची माझी तयारी नसते. फिल्मचे प्रमाणपत्र आणि बिल मी गाडीच्या कप्प्यात ठेवतो. पुढच्या काचेवर किंचितही रंगछटा असलेली फिल्म घेऊ नये, आणि काचेच्या वर कॅमेरा असलेल्या गाड्यांनी त्याच्यासमोरचा भाग मोकळा सोडून घ्यावा.

पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांना पीईटीच्या फिल्ममधून इंद्रधनुष्यी डाग दिसतात. तो दोष निगेचा नाही, त्या प्लास्टिकच्या घडणीचा आहे, आणि कितीही पुसले तरी तो जात नाही. मी गॉगल बदलला.

दुसरी फिल्म आता चौदा महिन्यांची झाली आहे. ती कायमची नाही, हे मी मनाशी धरूनच चाललो आहे. चांगली राखलेली फिल्मही एक-दोन वर्षांत बदलावी लागते आणि तिचा उपयोगच मुळी काचेऐवजी झिजण्याचा आहे. महिन्यातून एकदा रात्री, भाट्याच्या पुलावर समोरून गाडी येत असताना, मी मुद्दाम पाहतो. समोरच्या दिव्याभोवती गोल वलय आहे की तारेसारखे किरण फुटतात? वलय चालते. किरण फुटू लागले की वायपरची पाती पाहायची, आणि पाती नवी असूनही किरण राहिले तर फिल्म काढायची. मागच्या शिमग्याला खेडहून येताना परशुराम घाटात एक खडा आदळला होता. ड्रायव्हरच्या बाजूला फिल्मवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा खळगा आहे, नखाला लागतो, पण आतून काचेवर हात फिरवला आणि बाहेरून बॅटरी मारून पाहिली तरी काचेत काही नाही. या दिवाळीनंतर फिल्म बदलेन तेव्हा त्या खळग्याखालची काच पहिल्यांदा पाहणार आहे.